नोरालिसला कोणी चिडवेना

पाल्मारितोत माणसाला दोन नावं मिळतात. एक फादर पाणी शिंपडून देतात; ते मतदानाच्या दिवशी लागतं आणि मेल्यावर लागतं. दुसरं गाव देतं, ते जन्मभर पुरतं. आमचा पोस्टमन कासव, आमचे डॉक्टर सुई, आणि मोठा डफ वाजवणारा मोंचो म्हणजे भोपळा, कारण तो दिसतोच तसा. आमच्या समोरच्या सातुर्नीनाची मुलगी नोरालिस अकराव्या वर्षी मास्तरांच्या डोक्यावरून फळा वाचायला लागली, तेव्हा मी तिला झेला म्हटलं. आंबे उतरवायला लांब काठीच्या टोकाला जाळी बांधतात ना, तो झेला. संध्याकाळपर्यंत नाव गावभर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सातुर्नीना माझ्या पार्लरमध्ये भांडायला आली. मी एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावत होते, तो अर्धा तसाच राहिला आणि ती बाई महिनाभर दुरंगी फिरली. सातुर्नीना मूळची डोंगरातली. लग्न करून किनाऱ्यावर आली, पण स्वभाव डोंगरातच राहिला. तिकडची माणसं कमी बोलतात आणि बोललेलं मनाला लावून घेतात. मी तिला सांगितलं, बाई गं, पाल्मारितोत ज्याला कोणी नाव ठेवत नाही तो पाहुणा समजायचा. तिला ते पटलं नाही. पुढे पंचवीस वर्षं पटलं नाही. मुलीला मात्र लवकर पटलं. दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या दप्तरावर पेनाने झेला काढला.

चर्चमागच्या सिमेंटच्या मैदानावर पोरं बास्केटबॉल खेळायची. मुलींना घ्यायची नाहीत. एकदा त्यांचा चेंडू पत्र्यावर अडकला. नोरालिसने पिंपावर चढून तो काढला आणि काखेत धरून उभी राहिली. मला घेतलंत तर चेंडू, नाहीतर बसा बोंबलत, असा एकंदर आविर्भाव. त्यांनी घेतलं. वर्षभरात तीच संघ निवडायला लागली आणि तीच पोरं मला आधी घे, मला आधी घे करत तिच्यापुढे नाचायला लागली.

एकोणिसाव्या वर्षी ती गावाच्या संघात गेली, मुलींच्या राष्ट्रीय लीगमध्ये. आता लीग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं मला माहीत नाही, पण आमच्या मुलींची लीग म्हणजे बिनएसीची बस, प्रत्येकीने आपापली जर्सी आपल्या बादलीत धुवायची, आणि सामना भर दुपारी, कारण संध्याकाळी कोर्ट पुरुषांच्या सरावाला हवं. सामन्याला नाही हं, सरावाला! यावर मी महापौरांना भर चौकात बोलले आहे. ते म्हणाले बघू. अजून बघताहेत.

आणि आता आमच्या डफांविषयी सांगायला हवं. डफ आधी माझ्या नवऱ्याचा होता, तो गेल्यावर पथक माझ्याकडे आलं. मी, मोंचो आणि आणखी चारपाच जण कोर्टाच्या एका कोपऱ्यात कठड्याला लागून बसतो आणि गाणी रचतो. इतर गावांत आपली मुलगी फ्री थ्रोला, म्हणजे धक्का मिळाल्यावर रेषेवरून मोकळा नेम धरायला, उभी राहिली की सगळे श्वास रोखून धरतात, आणि समोरच्यांची उभी राहिली की आरडाओरडा करतात. आम्ही दोघींनाही सारखंच सोलतो. आपली म्हणून कोणाला सूट नाही. नोरालिस पहिल्यांदा रेषेवर उभी राहिली तेव्हा मी सुरू केलं:

डोकं ढगात, पाय चिखलात,
एक तरी पाड गं आमच्या पदरात!

ती हसली. डफाच्या दोन ठोक्यांना तिने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि तिसऱ्याला सोडला. जाळीलासुद्धा कळलं नाही कधी आत गेला ते. तेव्हापासून तिची ती रीतच पडली. दोन ठोके, आणि सोडायचा.

उन्हाळ्यात ती आमच्याकडून खेळायची आणि बाकीचं वर्ष पोटासाठी जगभर. चिली, मेक्सिको, मग तीन हिवाळे पोलंड. आमच्या लीगच्या पैशात वर्ष काढायचं तर माणसाने झाडपाला खायला शिकलं पाहिजे. पोलंडहून ती फोन करायची की मावशी, इथे नाकातलं पाणी गोठतं, बटाट्याशिवाय काही मिळत नाही, आणि मी रेषेवर उभी राहिले की लोक चर्चमध्ये बसल्यासारखे बसतात. मग तू काय करतेस, मी विचारलं. म्हणाली, मीच मनात तुमचं गाणं म्हणते. तिथे ती त्या लीगमध्ये सगळ्यात नेमबाज ठरली. तिचा फोटो पेपरात आला. सातुर्नीनाने तो फ्रिजवर लावला, खालची पोलिश अक्षरं वाचता येत नव्हती तरी रोज वाचायची.

देशाच्या जर्सीतही ती खेळली. पण आमच्यासाठी कप काही आणू शकली नाही. तीनदा अंतिम सामन्यात पोहोचलो, तीनदा हरलो. त्यातून दोनदा रिओ मान्सोकडून, म्हणजे शेजारच्या गावाकडून, जिथली माणसं कॉफीत पाणी घालतात आणि त्यालाच पाहुणचार म्हणतात. हरल्यावर आम्ही काय करतो? चौकात जमतो आणि खेळणाऱ्या प्रत्येकीला तोंडावर शिव्या देतो. मग सगळे मिळून तिच्याच घरी जेवतो. नोरालिस या शिव्या हात मागे बांधून ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "हे मागच्या वर्षीचंच झालं, मोंचो. नवीन काढ."

मग ते वादळ आलं. कोर्टाचं छप्पर उडून उसाच्या शेतात पडलं. संघाला पैसे देणारा गाद्यांचा दुकानदार आपली ओल्या गाद्यांची दुकानं आवरून फ्लोरिडाला गेला. पाल्मारितोचा संघ विश्रांतीवर गेला. हा आमच्या लीगचा शब्द. अर्थ असा की संघ मेलेला नाही पण जेवतही नाही. आणि नियम असा की विश्रांतीवर गेलेल्या गावाच्या मुली बाकीच्या गावांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायच्या. नोरालिसची चिठ्ठी निघाली रिओ मान्सोची.

इकडे आड तिकडे विहीर. नाही म्हणाली असती तर घरी बसावं लागलं असतं, आणि तेहतिसाव्या वर्षी घरी बसलेली खेळाडू परत उठत नाही. ती गेली. दोन वर्षांनी छप्पर बसलं, एका बेकरीवाल्याने पैसे घातले, आमचा संघ परत उभा राहिला. पण वाटणीत गेलेली मुलगी त्या गावाने सोडल्याशिवाय परत मिळत नाही, आणि रिओ मान्सोवाले तिला कशाला सोडतात! तिने दोनदा विनंती केली होती. हे गावात मला आणि सातुर्नीनाला ठाऊक होतं. मी सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही.

लोक रागावले असते तर बरं झालं असतं. लोक सभ्य झाले. ती सुट्टीला घरी आली की कासव सायकल थांबवून म्हणायचा, "नमस्कार, बाई. प्रवास बरा झाला ना?" फार्मसीत तिला रांगेत पुढे जाऊ द्यायचे. चौकातल्या बाकावरची म्हातारी माणसं, ज्यांनी गेल्या चाळीस वर्षांत कोणासाठी बूड हलवलं नाही, ती उठून तिला जागा द्यायला लागली. मोंचोने तर तिच्याशी हवापाण्यावर गप्पा मारल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती एकदा माझ्याकडे केस विंचरून घेताना म्हणाली, "मावशी, मला पोलंडात इतकं परकं वाटलं नव्हतं." मी वेणी घट्ट घातली.

त्या वर्षी तिने जाहीर केलं की हा शेवटचा उन्हाळा. ऑगस्टपासून ती आमच्याच शाळेत खेळाची बाई म्हणून लागणार होती. म्हणजे आयुष्याचं उरलेलं सगळं पाल्मारितोत काढायचं होतं, सातुर्नीनाच्या घरात, याच गल्लीत. पण पाहुणी म्हणून आयुष्य काढता येत नाही. आणि देव असा खट्याळ की अंतिम सामना आला तो पाल्मारितो आणि रिओ मान्सोचाच, आणि तोही आमच्या कोर्टावर.

आदल्या संध्याकाळी पथक माझ्या पार्लरमध्ये बसलं. तिच्यावर काय गायचं? एकीकडे तिला सोलायचं तर चार जणांचं मन होईना, दुसरीकडे कौतुक करायचं तर गावाशी गद्दारी. तेवढ्यात सातुर्नीना आत आली. हातात घरच्या पेस्तेलेसची पिशवी होती. केळीच्या पानात बांधून उकडलेली ती पुरचुंडी खरं तर नाताळात खायची. ती भर उन्हाळ्यात घेऊन आली म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"माझं एक मागणं आहे," ती म्हणाली. "माझ्या मुलीला उद्या काही म्हणू नका. दोन वर्षं तिने खूप सोसलंय. तिच्या शेवटच्या दिवशी तरी शिव्या नकोत."

मोंचो मान खाली घालून पुरचुंडीचं पान सोडत होता. तो म्हणाला, ठीक आहे, गप्प बसू, आणि बाकीचे लगेच हो म्हणाले. मला ते रुचलं नाही. मी तसं म्हटलंही. पण सातुर्नीनाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात सगळ्यांच्या तिचे पेस्तेलेस होते, तेव्हा माझ्या बोलण्याला कोण विचारतो.

सकाळी नोरालिस वेण्या घालायला आली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "काय रचलंय माझ्यावर? सांग ना. निदान पहिली ओळ." दोन वर्षांत मी तिला इतकं उतावीळ पाहिलं नव्हतं. ती शिव्यांची वाट बघत होती! मी म्हटलं, कळेलच. आणि आरशात तिच्याकडे बघायचं टाळलं.

सामना रंगला. आमच्या पोरी वाघिणीसारख्या खेळल्या आणि नोरालिस त्यांच्यापेक्षा जुनी वाघीण, तरी पळत होती. पहिल्या भागात तिला धक्का मिळाला आणि ती रेषेवर आली. डफ थांबले. पथक थांबलं की आमचं कोर्ट थांबतं, ही इथली सवय. हजारभर माणसांची तोंडं एकदम मिटली. पंखे फिरताना ऐकू येत होते. नोरालिसने आमच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मोंचो छपराकडे बघत होता. तिने चेंडू आपटला, एकदा, मग थांबली, मग पुन्हा, आणि सोडला. कडीला लागून बाहेर. दुसराही बाहेर.

पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी एक गेला, एक नाही. आमचे लोक खूश होऊन एकमेकांना कोपरं मारायला लागले की बाईचं वय झालं. मला मात्र तिचा चेहरा दिसत होता. वयाचा चेहरा तसा नसतो. आपल्याच दारात कडी वाजवतोय आणि आतून कोणी ओ देत नाही, असा तो चेहरा होता. मला सातुर्नीनाचा राग आला, मोंचोचा आला आणि त्या पेस्तेलेसचाही आला.

शेवटचे काही सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. नोरालिस चेंडू घेऊन बास्केटखाली घुसली आणि आमच्या पोरीने तिला आडवी केली. दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले तर कप त्यांचा. आमच्या प्रशिक्षकाने तिला आणखी घाबरवायला म्हणून वेळ मागून घेतला. सगळ्या खेळाडू आपापल्या बाकाकडे गेल्या. नोरालिस गेली नाही. ती सरळ चालत आमच्या कोपऱ्याकडे आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

"मावशी, मी मेलेय का?"

"असं काय बोलतेस?"

"मग डफ कशाला बंद ठेवलेत? मेलेल्यापुढेच आपण गप्प बसतो."

मोंचो पुटपुटला, "तुमच्या आईंचीच इच्छा होती, बाई."

"मला बाई म्हणालास तर तो डफ तुझ्या डोक्यात घालीन, भोपळ्या." मग ती माझ्याकडे वळली. "पोलंडात लोक गप्प बसायचे, तिथे मला ओळखत कोण होतं? तुम्ही गप्प बसलात की मी कुठे उभी आहे तेच मला कळत नाही. मला हरवायचंय ना? हरवा. पण ओरडून हरवा. मला उद्यापासून इथे राहायचंय."

मी वर पाहिलं. तीन रांगा मागे सातुर्नीना बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती हळूच उठून उभी राहिली, पर्स छातीशी धरून, आणि ही डोंगरातली बाई, जिने आयुष्यात कोर्टावर तोंड उघडलं नव्हतं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "गा गं प्रोवी. काय सोलायचंय ते सोला तिला."

मोंचोने माझा दंड धरला. "प्रोवी, गायलो तर ती दोन्ही घालील. कप जाईल."

ते मला कळत नव्हतं का? गप्प बसलो तर कप आमचा, इतक्या वर्षांनी, आणि गायलो तर रिओ मान्सोचा. पण कप कपाटात ठेवतात. पोरगी कपाटात ठेवता येत नाही. मी मोंचोला म्हटलं, "बडव."

शिट्टी झाली, पंचांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि मी उभी राहून जे सुचलं ते, फाटक्या आवाजात:

आमच्याच झाडाला आमचाच झेला,
आंबे नेतो रिओ मान्सोला!
थरथरू दे हात, चुकू दे नेम,
मेले, हेच का गं आमच्यावर प्रेम?

दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत सगळं कोर्ट गात होतं. दोन वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. म्हातारे बाकावर चढून हातवारे करत होते. कासव अशा शिव्या देत होता की ज्या त्याला येतात हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. नोरालिस रेषेवर उभी होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. दोन ठोके, आणि सोडला. आत. पुन्हा दोन ठोके, आणि पुन्हा आत. आमच्या पोरींनी शेवटचा चेंडू लांबून फेकला, तो बोर्डालाही लागला नाही.

आम्ही हरलो. मोंचो लहान मुलासारखा रडला. मीसुद्धा रडले, खोटं कशाला सांगू. कप मला हवाच होता.

जिंकलेल्यांची मिरवणूक उघड्या ट्रकमधून निघते, मागे भोंगे वाजवत गाड्या. रिओ मान्सोला जायला रस्ता एकच, आमच्या चौकातून. त्यामुळे आमच्या सगळ्या गावाला दोन्ही बाजूंना उभं राहून नोरालिसला तोंडावर बोलायची सोय झाली. हरामखोर, बेइमान, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी. उंटीण काय, खांब काय, काही शिल्लक ठेवलं नाही. एका म्हातारीने तर तिच्या जन्माच्या वेळी दिलेलं झबलं परत मागितलं. ती गळ्यात पदक घालून ट्रकच्या कडेला उभी होती आणि प्रत्येकाला नावानिशी उत्तर देत होती.

ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि तिने टपावर हात आपटून तो थांबवला. तिच्या संघातल्या मुली म्हणाल्या, अगं, पुढे आख्खं गाव वाट बघतंय, डुक्कर भाजलंय, बँड आहे.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "माझं घर आलं."

आणि ती उतरली. ट्रक तिच्याशिवाय भोंगे वाजवत गेला. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो आणि जो तो बोलायला लागला. मोंचोने तर तिच्या कानाशी डफ धरून ते गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी. ती हात मागे बांधून ऐकत होती. तेवढ्यात सातुर्नीना गर्दीतून घुसली आणि तिने मुलीचा दंड धरला.

"पुरे झालं," ती आम्हाला म्हणाली. "उरलेल्या शिव्या उद्या द्या. आज ती दमलीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी व्हायच्या आतच तिच्या दारात रांग लागली होती.